दुधाचेच दात म्हणून सोडून देताय?

तीन-चार वर्षांच्या लेकराचे दात फाकलेले दिसले की खानापूर असो की निपाणी, आज्जीपासून सगळं घर हळहळतं. खरं तर या फटी चांगल्या. दुधाचे 20 दात अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात. नंतर येणारे समोरचे पक्के दात त्यांच्यापेक्षा रुंद असतात, त्यांना जागा नको? दात एकमेकांना चिकटून असतील तर पुढे गर्दीची भीती जास्त. म्हणजे नको तिथे आपण घाबरतो आणि हवं तिथे निवांत बसतो.

निवांतपणा सगळ्यात महाग पडतो तो किडलेल्या दाढेपायी. “दुधाचीच आहे, पडेल की!” पडेल, पण 9 ते 12 वर्षांच्या दरम्यान. चौथ्या-पाचव्या वर्षीच ती काढावी लागली तर सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पक्की दाढ पुढे सरकते, आणि त्या दाढेखाली हिरडीत असलेल्या पक्क्या दाताला वाटच उरत नाही. जागा राखायला स्पेस मेंटेनर बसवायचा का, हे दाढ काढतानाच विचारा. ही पक्की दाढ कुठलाही दात न पडता मागून गुपचूप येते. कित्येक घरांत तिलाही दुधाचीच समजतात. किडीसाठी कुंद्याला, म्हणजे बेळगावच्या त्या खव्याच्या मिठाईला, बोल लावण्याआधी रात्रभर तोंडात राहणारी साखरदुधाची बाटली बघा.

अंगठा चोखायची सवय सोडवायला मिरची लावू नका. तोच हात डोळ्यांना लागतो. समोरच्या दातांनी चपातीचा तुकडा तुटत नसेल तर चोखण्यामुळे वरच्या-खालच्या दातांत फट पडलेली असू शकते. पक्के दात येण्याआधी सवय सुटली तर ती बऱ्याचदा आपोआप भरते. झोपताना हातात काहीतरी द्या, सुटलेल्या दिवसाचं कौतुक करा.

एक मात्र आपोआप सहसा सुटत नाही. मागच्या दाढा मिटायला सांगून बघा: डब्याच्या झाकणासारखे वरचे दात खालच्यांच्या बाहेर हवेत. एका बाजूला उलटं असेल किंवा मिटताना हनुवटी सरकत असेल, तर “आजोबांचाही जबडा असाच” म्हणून थांबू नका. तोंड उघडं ठेवून घोरणाऱ्या मुलाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही दाखवा.

बेळगावात डेंटल कॉलेज आहे, तिथे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो. जायच्या आधी घरात “बायी तेगी”चा खेळ खेळा. डॉक्टर कानडीतून “तोंड उघड” म्हणाले तर पोर बावरणार नाही.