हेड गॅस्केट बदलल्यावर गाडीवर लक्ष कसं ठेवायचं

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये बसणारं, वायू, कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) आणि ऑईल रोखून धरणारं पातळ सील. नवीन गॅस्केट टाकून गाडी पहिल्यांदा चालू केली की सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि काम फसलं की काय अशी शंका येते. बहुतेक वेळा ती खोटी असते. जुनं गॅस्केट उडालं (म्हणजे फाटून गळू लागलं) तेव्हा जे कूलंट सायलेन्सरमध्ये आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये साचलं, तेच आता वाफ होऊन बाहेर पडत असतं. इंजिन पूर्ण गरम होऊन गाडी पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावर चालली की वाफ थांबते. बरंच कूलंट गेलं असेल तर दोन-तीन फेऱ्या लागतात, पण प्रत्येक फेरीत धूर आधीपेक्षा कमी दिसायलाच हवा.

जळक्या तेलाचा वासही येईल. काम करताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर लागलेलं ऑईल जळत असतं. हायड्रॉलिक टॅपेट (ऑईलच्या दाबावर व्हॉल्व्हची फट आपोआप जुळवणारे भाग) असतील तर ते रिकामे झाल्यामुळे सुरुवातीला टकटक करतात आणि ऑईल भरलं की काही मिनिटांत गप्प होतात. ऑईलचा लाल दिवा मात्र काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर इंजिन लगेच बंद करा. बॅटरी काढलेली असल्याने आयडलिंग थोडं वर-खाली होतं, ते गाडी चालवता चालवता सुधारतं. पिकअप मात्र कमीच राहिला तर टायमिंग बेल्ट किंवा चेन एखादा दात चुकून बसली आहे का ते आधी तपासा.

हवा काढणं

नवीन गॅस्केट पुन्हा उडण्यामागे बऱ्याचदा आत अडकलेली हवा असते. हेडमध्ये बुडबुडा राहिला की तिथल्या धातूला कूलंट लागत नाही. सेन्सर त्या हवेत सापडला तर काटाही खरं तापमान दाखवत नाही. ॲल्युमिनियमचं हेड अशा वेळी पटकन वाकतं.

इंजिन गार असताना गाडीचं तोंड थोडं उंचावर घ्या. हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि ब्लीड स्क्रू (कूलंटमधली हवा बाहेर सोडायचा स्क्रू) असेल तर उघडा. कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी सहसा निम्मं-निम्मं घेतात. ते सावकाश ओता. नुसत्या रंगावरून कूलंट निवडू नका, एकाच रंगाची दोन कूलंट वेगळ्या प्रकारची असू शकतात. स्क्रूमधून बुडबुडे थांबून सलग धार आली की तो बंद करा, पातळी पुन्हा भरा, झाकण लावा आणि इंजिन चालू करा.

थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट गरम झालं की रेडिएटरकडे जायची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, साधारण 82 ते 90 अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडतो. तोवर रेडिएटरचा एक पाइप गरम आणि दुसरा गार लागतो. उघडला की दुसराही गरम होतो. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. काटा मधोमध असूनही हीटरमधून गार हवा येत असेल, तर आत अजून हवा आहे. इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि सगळं पुन्हा करा. इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण कधीही उघडू नका. दाबाखालचं कूलंट उसळून बाहेर येतं आणि तोंड, हात भाजतात.

सकाळची तपासणी

खरी परीक्षा रात्रभर गार झालेल्या इंजिनावर होते. कूलंटच्या बाटलीवर पातळीशी मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी, चालू करण्याआधी बघा. उरलीसुरली हवा निघते म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी थोडी उतरते. पाव लिटर, फार तर अर्धा लिटर भरावं लागलं तरी चालेल. त्यानंतर ती एका जागी ठरली पाहिजे. आठवडाभरानंतरही उतरतच असेल आणि खाली कुठे ओल दिसत नसेल, तर कूलंट आत जातंय.

त्याच वेळी रेडिएटरचा वरचा पाइप दाबून बघा. गार इंजिनावर तो मऊ लागतो. इंजिन चालू करून मिनिटभरात तो दगडासारखा कडक झाला, तर हा दाब उष्णतेचा नाही, कारण कूलंट अजून गरमच झालेलं नाही. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय. बाटलीत न थांबणारे बुडबुडे दिसले तर खात्रीसाठी ब्लॉक टेस्टर (कूलंटमध्ये जळका वायू आहे का हे द्रवाच्या रंगावरून दाखवणारं साधन) लावून घ्या. पेट्रोल गाडीत त्यातलं निळं द्रव पिवळं पडलं, तर गॅस्केट, हेड किंवा ब्लॉक यांपैकी कुठेतरी गळती आहेच.

ऑईल आणि बोल्ट

ऑईल आणि फिल्टर कामाबरोबरच बदललेले हवेत. आधीचं ऑईल दुधाळ झालं असेल तर 500 ते 1000 किलोमीटरनंतर पुन्हा बदला. इथे काटकसर करू नका, कारण कूलंट मिसळलेलं ऑईल बेअरिंग खातं. फक्त ऑईल भरायच्या झाकणाखाली थोडी साय दिसली आणि गाडी रोज जेमतेम दोन-चार किलोमीटर चालत असेल, तर ती साधी वाफेची ओल असू शकते. डिपस्टिकवरचं (ऑईलची पातळी मोजायच्या पट्टीवरचं) ऑईल दुधाळ झालं किंवा पातळी वाढली, तर मात्र गाडी चालवू नका.

हेडचे बोल्ट पुन्हा आवळायला कोणी सांगितलं तर सर्व्हिस मॅन्युअल बघा. जुन्या कंपोझिट गॅस्केटला काही इंजिनांत ते लागायचं. थरांच्या स्टील गॅस्केटला आणि एकदाच वापरायच्या ताणाच्या बोल्टना सहसा लागत नाही. उगाच आवळले तर बोल्ट तुटू शकतो.

पिस्टन रिंग बदलल्या नसतील तर रनिंग-इनची (नवे भाग एकमेकांवर बसेपर्यंत गाडी हळू चालवण्याची) गरज नसते. तरीही पहिले 500 किलोमीटर जड ओझं, लांब चढ आणि 3000 आरपीएमच्या वरचा जोर टाळा, म्हणजे काही चुकलं असेल तर मोठं नुकसान व्हायच्या आत कळेल. काटा वर चढू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर चालू करा, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

गॅरेजला एवढं जरूर विचारा: हेड सपाट आहे का मोजलं का, फेसिंग केलं का (मशिनवर घासून सपाट केलं का), तडा तपासायला प्रेशर टेस्ट झाली का? अनेक इंजिनांत वाकाची मर्यादा 0.05 मिलिमीटरच्या आसपास असते. आणि मुख्य म्हणजे गाडी मुळात तापली कशामुळे? वॉटर पंप, थर्मोस्टॅट, चोंदलेला रेडिएटर किंवा न लागणारा पंखा तसाच राहिला, तर नवं गॅस्केटही त्याच वाटेने जाईल.

सकाळी चालू केल्यावर काही सेकंद एक सिलिंडर मिसिंग करतो (नीट पेट घेत नाही, इंजिन थरथरतं), त्याबरोबर पांढरा धूर येतो आणि मग सगळं सुरळीत होतं, हे सहज सुटून जाणारं लक्षण आहे. रात्री कूलंट झिरपून त्या सिलिंडरमध्ये उतरलेलं असतं. सगळे प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. बाकीचे तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर गळती त्याच सिलिंडरमध्ये आहे. तो प्लग आणि बाटलीवरच्या रेघांचा फोटो घेऊन गॅरेजला दाखवा, आणि तोवर गाडी चालवू नका.