संक्रांतीनंतर पिल्लं, शिमग्याला वेल: परसात कोंबड्या आणि भाजी एकत्र कशी करायची

कोंबड्या पाळायच्यात आणि परसात भाजीपण लावायचीय असं कुणाला सांगितलं की पहिलं उत्तर येतं, दोन्हीतलं एकच होईल, कोंबडी वाफा ठेवत नाही. हे अर्धं खरं आहे. कोंबडी उकरणारच, तिला ते शिकवावं लागत नाही आणि तिची ती सवय मोडताही येत नाही. पण कुठल्या दिवसांत कुठं उकरू द्यायचं हे आपण ठरवू शकतो, आणि ते नीट ठरवलं की त्याच उकरण्याचा बागेला फायदा होतो. माझं तर सरळ मत आहे, कुंपण कोंबडीला नाही घालायचं, वाफ्याला घालायचं. कोंबडी कोंडली की खाद्याचा खर्च वाढतो, एकमेकींना टोचायला लागतात, वास येतो, मग शेजारी बोलतात.

खाली जे लिहितोय ते देशावरच्या हिशोबानं, पुणे-सातारा-सांगली पट्टा. विदर्भ-मराठवाड्यात ऊन लवकर तापतं तर सगळं पंधराएक दिवस अलीकडे घ्या.

सुरुवात संक्रांत झाली की करायची. याचं कारण पिल्लांमध्ये आहे. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणलेलं पिल्लू कडक थंडीतून वाचतं, मार्चच्या मध्यापर्यंत त्याला पूर्ण पिसं येतात, एप्रिल-मेच्या उन्हात ते बऱ्यापैकी दणकट असतं आणि पावसाळ्यात ओल लागते तोवर मोठं झालेलं असतं. जूनमध्ये आणलेल्या पिल्लांचं उलट होतं, खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं राहतं, त्यातून रक्ती हगवण लागते आणि एकामागून एक मरायला लागतात. उन्हाळी भाजीचा मुहूर्तपण नेमका हाच, भेंडी, गवार, चवळी, काकडी, दुधी, दोडका, कारलं सगळं जानेवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत टोकायचं असतं. म्हणून दोन्ही कामं एकाच वेळी अंगावर येतात, त्याची तयारी आधीच करून ठेवा.

आता जात कुठली. पहिल्यांदाच करताय तर ८-१० पक्षी भरपूर झाले. गावरान कोंबडी वर्षाला ६०-८० अंडी देते, पण ती खुडूक बसते म्हणजे अंडी उबवते, पिल्लं स्वतः वाढवते, घार दिसली की आरडाओरडा करून सगळ्यांना आडोशाला नेते. गिरिराज ही बंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं काढलेली, वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या. या अंडी जास्त देतात, ग्रामप्रिया तर त्यात बरीच पुढे, पण सहसा खुडूक बसत नाहीत आणि अंगानं जड पक्षी पळण्यात कमी पडतो. मी म्हणेन मिसळ ठेवा, ५-६ सुधारित आणि ३-४ गावरान. कडकनाथच्या मागे लगेच लागू नका. मध्य प्रदेशातल्या झाबुआचा हा काळा पक्षी चांगलाच आहे, २०१८ ला त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय, पण पिल्लू महाग आणि त्याच्या नावावर स्कीमा फार निघतात, २०१९ मध्ये आपल्याच सांगली-कोल्हापूर भागात 'तुम्ही पाळा, अंडी आम्ही घेतो' म्हणत किती जणांचे पैसे अडकले ते अजून लोक विसरलेले नाहीत.

पिल्लं एक दिवसाची घ्यायची की महिन्याची? नवीन माणसानं महिन्याची घ्यावी, लसी झालेली, दोन पैसे जास्त गेले तरी. एक दिवसाचीच घेतलीत तर उब द्यावी लागते, पहिल्या आठवड्यात ३५ अंशाच्या आसपास, मग दर आठवड्याला अंदाजे ३ अंश कमी. गोल पत्रा किंवा पुठ्ठ्याचा गोल आडोसा करा. चौकोनी खोका नको, थंडी वाजली की सगळी कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. वर ६० किंवा १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी चालत नाही बरं का, त्यात उजेड असतो, उब नसते, आणि हल्ली दुकानदार विचारल्याशिवाय एलईडीच देतो. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात, बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर गारठलीत, बल्बपासून लांब भिंतीला चिकटून चोच उघडून धापा टाकत असतील तर तापलीत, सगळीकडे पसरून कुणी खातंय कुणी झोपलंय असं असेल तर बरोबर आहे. पहिल्या दिवशी पाण्यात थोडा गूळ, कागदावर मक्याचा बारीक भरडा, दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य. पाण्याचं भांडं उथळ हवं आणि त्यात चार खडे टाका, नाहीतर पिल्लू भिजतं, आणि भिजलेलं पिल्लू वाचणं अवघड.

लसीत कंटाळा करू नका. ५ ते ७ व्या दिवशी लासोटा लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, १४ व्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची, २८ व्या दिवशी परत लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची आणि आठव्या आठवड्यात आर टू बी. यातली लासोटा आणि आर टू बी मानमोडीसाठी म्हणजे राणीखेत रोगासाठी, आणि मानमोडी शिरली की अख्खं खुराडं आठवड्यात रिकामं होतं, औषध नाही त्याला. अडचण अशी की लशीची कुपी किमान शंभर डोसची वगैरे असते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, तेव्हा आळीतल्या सगळ्या कोंबडीवाल्यांना गोळा करून एकाच सकाळी उरका. लस बर्फातच आणायची, खिशात घालून नाही. नक्की वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्या, भागानुसार थोडा फरक असतो.

खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, रात्री एका कोंबडीला दीड ते दोन चौरस फूट जागा. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की ऊन कमी आत शिरतं. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या, ती षटकोनी मऊ कोंबडीजाळी मुंगूस आणि घूस दोघांपुढे टिकत नाही. आत बसायला गोल बांबू आडवा, चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालायला एक टोपली किंवा जुनं घमेलं, त्यात गवत. खाली भाताचं तूस दोन-तीन इंच, आठवड्यातून एकदा खालीवर करायचं. डोळ्यांना झोंबणारा वास आला की समजायचं ओल झालीय, वरचं काढून नवीन घाला. एका कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी माती मिसळून ठेवा, त्यात त्या लोळतात, उवा-पिसवा कमी होतात. राखेची जागा दिली नाहीत तर त्या तुमचा भुसभुशीत वाफाच लोळायला निवडणार.

बागेचा भाग आता. पिल्लं बल्बखाली असतात तेव्हाच वाफे तयार करायचे. घरात आधीच्या मोठ्या कोंबड्या असतील तर पेरणीआधी दहा-पंधरा दिवस त्यांना रिकाम्या वाफ्यात सोडा, एकदा कुदळीनं माती सैल करून. हुमणीच्या अळ्या, कोष, गोगलगाईची अंडी, तणाचं बी, सगळं वेचून काढतात. नंतर त्यांना बाहेर काढायचं, पाणी द्यायचं, वापसा आला, म्हणजे माती चिखल न होता ओलसर राहिली, की टोकणी, आणि त्याच दिवशी वाफ्याभोवती जाळी. उद्या करू म्हटलं की गेलं, ताजी टोकलेली भेंडी एक कोंबडी अर्ध्या तासात ओळीनं उकरते, तिला बरोब्बर कळतं माती कुठं हललीय. जाळीला शेडनेट चालतं, कोकणात मासेमारीची जुनी जाळी वापरतात ती तर उत्तम, उंची पाच फूट. गावरान तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, तरी उडते, तिच्या एकाच पंखाची लांब पिसं कात्रीनं निम्मी कापायची, तोल जातो आणि उडणं थांबतं. पीस पूर्ण वाढलेलं असावं, नवीन फुटणारं, दांड्यात रक्त असलेलं पीस कापू नका.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट मांडवाची. खुराड्यासमोर कोंबड्यांना फिरायला जी जागा असते तिच्यावर सहा-सात फूट उंच बांबू-तारेचा मांडव घाला आणि दुधी-दोडक्याची आळी जाळीच्या बाहेरच्या अंगाला करा. फेब्रुवारीत बी लावलं की शिमग्याला वेल तारेला हात घालतो, एप्रिलमध्ये खाली दाट सावली. पत्र्याच्या छपराखाली कोंबडी मे महिन्यात पंख फाकवून धापा टाकत बसते, वेलाच्या मांडवाखाली तीच दुपारी मातीत खड्डा करून आडवी होते. पान फुटायला लागलं की खालचा दीड फूट वेल मात्र त्या फाडतात, म्हणून खोडाला जुना पाईप उभा चिरून बसवायचा. दुधी लोंबायला लागले की खालून चोची मारतात, तेवढे दोन-तीन सोडून द्या.

भाजी गुडघ्याएवढी झाली की संध्याकाळी दिवे लागायच्या तासभर आधी कोंबड्यांना गवार-भेंडीच्या वाफ्यात सोडायला हरकत नाही. त्या वेळी उकरण्यापेक्षा किडे टिपण्याकडे लक्ष असतं आणि अंधारून आलं की आपोआप खुराड्याकडे वळतात, मागे लागावं लागत नाही. कोथिंबीर, मेथी, माठ, मुळा यांच्यात कधीच नाही. एकतर पालेभाजी उरत नाही, दुसरं म्हणजे विष्ठेतून पोट बिघडवणारे जंतू येतात आणि कोथिंबीर आपण कच्ची खातो. आणि बागेत औषध मारलं असेल तर कोंबडी बंद. खरं तर कोंबड्या असताना निंबोळी अर्कापलीकडे जाऊच नये.

खताबद्दल लोकांची घाई असते. कोंबडीखतात नत्र ३ टक्क्यांच्या आसपास, शेणखतात अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणून ते ताजं घातलं की रोपं जळतात. खुराड्यातलं तूस-विष्ठा एक घमेलं आणि पालापाचोळा दोन-तीन घमेली असा ढीग लावा, ओल ठेवा, पंधरा दिवसांनी परतत राहा, तीन महिने धरा. म्हणजे फेब्रुवारीची विष्ठा फेब्रुवारीच्या वाफ्याला नाही, ती जूनच्या पावसाळी वांगी-मिरचीला. उन्हाळी वाफ्याला शेणखतच घाला.

खाद्य. मोठी कोंबडी दिवसाला १००-१२० ग्रॅम खाते, दहा कोंबड्या म्हणजे दिवसाला किलोभर. दिवसभर मोकळ्या फिरत असतील तर संध्याकाळी निम्मं दिलं तरी भागतं, मका-ज्वारीचा भरडा, तांदळाची कणी, शेंगदाण्याची पेंड. पिल्लांना वाळवी म्हणजे मेजवानी: जुन्या मडक्यात ओलं शेण, पाचट आणि गोणपाटाचा तुकडा कोंबा, घरापासून लांब जिथं वाळवीचं वारूळ असेल तिथं संध्याकाळी उपडं ठेवा, सकाळी मडकं आत वाळवीनं भरलेलं असतं, पिल्लांपुढे झटकायचं. अंड्यावर आल्या की शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, कवच मऊ येत नाही. बटाट्याची हिरवी सालं, कच्चा राजमा, खारट उरलंसुरलं देऊ नका, आणि परसात कण्हेर असेल तर छाटलेल्या फांद्या उचलून टाका.

उन्हाळ्यात पाणी दुप्पट लागतं. भांडं मातीचं, सावलीत, दुपारी एकदा बदलायचं. खाणं सकाळी लवकर आणि संध्याकाळी, भर दुपारी नाही. जाळीला ओली गोणपाटं लावा पण आत वारा येऊ द्या.

आजाराचं एकच सांगतो, एकदम तीन-चार मेल्या तर घरगुती उपाय करत बसू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, मेलेल्याला उघड्या हातानं धरू नका आणि ओढ्यात तर मुळीच फेकू नका. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ ला आपल्याच नवापुरात सापडला होता.

फेब्रुवारीच्या पिल्लांतले नर आखाडात विकायला तयार होतात, पाच महिन्यांचे, आणि त्या महिन्यात गावरान कोंबड्याला गिऱ्हाईक दारात येतं, भाव कमी सांगू नका. आठ-दहा माद्यांमागे एकच नर ठेवायचा, तोही पुढे खुडूक बसवायची असेल तरच, नुसती अंडी खायला नराची गरज नाही. तलंगा श्रावणाच्या आसपास अंड्यावर येतात. पहिली अंडी बारकी असतात, ती घरीच खा.