मेंदूतील भाषाकेंद्रांची चाचणी : शस्त्रक्रियेपूर्वी या चुका टाळा

मेंदूच्या डाव्या बाजूची गाठ काढण्यापूर्वी रुग्णाची बोलण्याची आणि समजण्याची केंद्रे नेमकी कोठे आहेत, हे शोधावे लागते. कारण फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये वर्णन केलेली बोलण्याची आणि जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये वर्णन केलेली समजण्याची जागा प्रत्येक माणसात तंतोतंत तेथेच सापडेल, असे नसते.

मराठवाड्यात सर्वांत गंभीर चूक भाषेच्या नोंदीत होते. देगलूरकडील घरात तेलुगू, उमरग्याकडे कन्नड, तांड्यावर गोरमाटी आणि शहरांत अनेकांच्या घरी दखनी बोलली जाते. तरीही रुग्ण मराठीत उत्तरे देतो म्हणून कागदावर केवळ ‘मराठी’ लिहिले जाते. दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूत काही जागा दोन्ही भाषांना सामाईक, तर काही एकाच भाषेपुरत्या असल्याचे आढळले आहे. त्यामुळे चाचणी फक्त मराठीत झाली, तर ज्या भाषेत आजी नातवंडांशी बोलते, तीच भाषा असुरक्षित राहू शकते. घरी, शेतात आणि बाजारात रुग्ण कोणती भाषा बोलतो, हे नातेवाइकांनी न विचारताही सांगावे, आणि ती भाषा जाणणारी व्यक्ती चाचणीच्या वेळी हजर राहील, याची व्यवस्था आधीच करून घ्यावी.

चाचणीत रुग्णाला चित्रे दाखवून त्यांची नावे विचारतात; त्या चित्रांची निवडही अशीच निष्काळजीपणे केली जाते. परदेशी संचातील बर्फाचे घर ज्याने कधी पाहिले नाही, त्याला त्याचे नाव आले नाही, तर तो मेंदूचा दोष नव्हे. तिफण, पाटा-वरवंटा, कणीस अशी ओळखीची चित्रे घ्यावीत, आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या सरावात जी ओळखता आली नाहीत, ती वगळावीत. चष्मा आणि श्रवणयंत्र घरी विसरू नये.

रुग्ण मुळात डावखुरा असून लहानपणी त्याला उजव्या हाताने लिहायला लावलेले असल्यास तेही सांगावे. उजव्या हाताने काम करणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात (गोलार्धात) असते, डावखुऱ्यांत हे प्रमाण साधारण ७० टक्के आहे.

मेंदूचा कोणता भाग काम करतो आहे हे दाखवणाऱ्या स्कॅनच्या, म्हणजे फंक्शनल एमआरआयच्या, केवळ रंगीत चित्रावर विसंबू नये. ते रक्तप्रवाहातील बदल दाखवते. गाठीलगतच्या रक्तवाहिन्या नीट प्रतिसाद देत नसतील, तर कार्यरत भागही तेथे रिकामा भासतो. उलट, चमकलेला प्रत्येक भाग बोलण्यासाठी अनिवार्य असतोच, असेही नाही. म्हणून जागेपणी शस्त्रक्रिया करून, मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य विद्युतप्रवाह देत, रुग्णाकडून चित्रांची नावे वदवून घेणे अधिक विश्वासार्ह ठरते. प्रवाह देताना एकदा उत्तर चुकले, एवढ्यावरून ती जागा भाषेची ठरवू नये. तीच जागा थांबून थांबून पुन्हा तपासावी.

फिटची गोळी स्वतःहून बंद करू नये. विद्युतप्रवाहाने झटका आल्यास मेंदूच्या पृष्ठभागावर थंडगार सलाईन सोडून तो थांबवतात, आणि रुग्ण पूर्ण सावरेपर्यंत त्याची उत्तरे ग्राह्य धरत नाहीत.