लांब पल्ल्याच्या मोटारसायकलला सुटी जादा टाकी बसवताना

गोव्यातल्या गोव्यात फिरणाऱ्याला जादा टाकीची गरज पडत नाही. पेडण्यापासून काणकोणपर्यंत पेट्रोलपंप हाताशी असतात. ही गरज लडाखच्या वाटेवर जाणवते. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपापाशी पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची पाटी प्रवासी वर्षानुवर्षे वाचत आले आहेत. 13 ते 15 लिटरची टाकी आणि लिटरला 30 किलोमीटरचा हिशेब धरला, तर हे अंतर कागदावर पार होते. पण चढ, खालचा गिअर, मागचे सामान आणि वाट चुकून पडलेला वळसा यांमुळे तो हिशेब फार ताणला जातो. अशा चार दिवसांसाठी कायमची मोठी टाकी घेण्यापेक्षा 8 लिटरची सुटी टाकी बसवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आधी कायद्याचे पाहू. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. म्हणून मुख्य टाकीला भोक पाडणे किंवा चासीला वेल्डिंग करणे टाळावे, आणि टाकी सुटी असली तरी वाहतूक खात्यात व विमा कंपनीत आधी विचारून घ्यावे. पेट्रोलियम कायदा, 1934 खासगी वापरासाठी परवान्याविना एकूण 30 लिटरपर्यंत पेट्रोल बाळगू देतो. मात्र भांडे घट्ट बुचाचे हवे आणि धातूचे असल्यास 25 लिटरहून मोठे नको. पाण्याचा प्लास्टिक कॅन या कामासाठी मुळीच वापरू नये.

टाकी 2 मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची करून घ्यावी. बोटी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यांत किंवा औद्योगिक वसाहतीत आर्गन वेल्डिंग करणारा कारागीर मिळतो. आत एक-दोन आडवे पत्रे, खाली भोके ठेवून, बसवायला सांगावे. नाहीतर वळणावर पेट्रोल एका बाजूला लोटते आणि गाडी हेलकावते. टाकी नवीनच असावी. पेट्रोल भरून रिकाम्या केलेल्या जुन्या टाकीत वाफ उरते आणि तिच्यावर वेल्डिंग करणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण देणे होय.

वेल्डिंग धरले आहे की नाही, हे घरीच तपासता येते. सर्व सांध्यांवर बाहेरून पाण्यात कालवलेली खडूची भुकटी फासून वाळवावी, आत लिटरभर डिझेल ओतावे आणि टाकी रात्रभर वर्तमानपत्रावर, दर काही तासांनी कूस बदलत, ठेवावी. डिझेल बारीक छिद्रातूनही पाझरते. माझ्या पहिल्या टाकीच्या एका कोपऱ्यावर सकाळी पांढऱ्या खडूत मोहरीएवढा काळपट ठिपका दिसला आणि त्याखालच्या कागदावर मागच्या पानाची अक्षरे उमटली होती. अशी टाकी थेंबभर पाण्याने तपासली असती तर ती कोरडीच वाटली असती. दुरुस्तीला परत नेण्यापूर्वी डिझेल काढून टाकी साबणाच्या पाण्याने नीट धुवावी आणि आत काय होते हे कारागिराला सांगावे.

आता पेट्रोल मुख्य टाकीत न्यायचे कसे, हा खरा प्रश्न. जुन्या, कार्ब्युरेटरच्या बुलेटला हे सोपे आहे: मुख्य कॉक (पेट्रोलची तोटी) आणि कार्ब्युरेटर यांच्यामधल्या पाइपला टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, जोडावा, जादा टाकीला स्वतंत्र कॉक द्यावा आणि टाकीचा तळ कार्ब्युरेटरहून बराच वर राहील अशी ती बसवावी. एका वेळी एकच कॉक उघडा ठेवावा. दोन्ही उघडे राहिले तर वरच्या टाकीतले पेट्रोल खालच्या टाकीत उतरून तिच्या झाकणातून बाहेर येऊ शकते.

1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 या प्रदूषण-मानकाच्या इंजेक्शन गाड्यांत पंप मुख्य टाकीच्या आतच असल्यामुळे हा मार्ग बंद होतो. शिवाय मागच्या सीटवर ठेवलेल्या टाकीचा तळ बहुधा मुख्य टाकीच्या झाकणाहून खाली येतो, त्यामुळे केवळ उताराच्या भरवशावर पेट्रोल पुढे जात नाही. येथे 12 व्होल्टचा, कमी दाबाचा, पेट्रोलसाठीच बनवलेला छोटा पंप लावावा. मुख्य टाकीच्या झाकणाचा दुसरा सुटा संच विकत घेऊन त्यातून पाइपचा सांधा काढावा आणि मूळ झाकण घरी जपून ठेवावे. झाकणातली हवेची वाट बुजू देऊ नये. आतला पाइप झाकणाखाली लगेच संपवावा. तो पेट्रोलमध्ये बुडाला, तर पंप थांबल्यावर पेट्रोल उलट मागे ओढले जाऊ शकते.

पंपाला 5 अँपिअरचा फ्यूज आणि किल्ली बंद होताच तो थांबेल असा रिले (विजेवर चालणारा स्विच) द्यावा. एक नियम कटाक्षाने पाळावा: मुख्य टाकीत जादा टाकीतले सर्व पेट्रोल मावेल एवढी जागा झाल्यावरच पंप चालू करावा. 8 लिटरच्या टाकीसाठी साधारण 270 किलोमीटरनंतर बटण दाबले, तर ते बंद करायला विसरलात तरी मुख्य टाकी ओसंडत नाही.

पाइप पेट्रोलसाठीचाच घ्यावा. E20 पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असल्याने साधे रबर फुगते. झाकणाचे वॉशर व्हिटॉनचे, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचे, असावे. दोन्ही बाजूंनी आपोआप बंद होणारा क्विक कनेक्टर आणि त्याआधी एक फिल्टर बसवला की टाकी थेंबही न सांडता काढता येते. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून पावसाळ्यात जादा टाकीत हवा आत येण्यासाठी ठेवलेली नळी वरून वळवून खाली तोंड करून ठेवावी.

या नळीकडे दुर्लक्ष केल्याचा अनुभव मी चोर्ला घाटात घेतला. मुख्य टाकी मुद्दाम रिझर्व्हवर आणून बटण दाबले. पंप टकटकत होता, पण काटा हलेना. गाडी थांबवून पाहिले तेव्हा पट्ट्याखाली ती नळी चिमटली होती आणि टाकीच्या बाजू किंचित आत ओढल्या गेल्या होत्या. झाकण सैल करताच सुस्कारा निघाला आणि पत्रा टणकन बाहेर आला.

8 लिटर पेट्रोल सुमारे 6 किलोचे असते. टाकी मागच्या चाकाच्या आसापलीकडे न्यायची नाही. शक्य तितकी पुढे आणि खाली, सायलेन्सरच्या झळीपासून दूर, कॅरिअरच्या पट्टीवर रबर बुश घालून चार बोल्टने आवळावी. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलचा थेट स्पर्श गंजाला कारण होतो, म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत. स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून टाकी आणि चासी यांना वायरीने जोडावे आणि भरताना गाडीवरून उतरून, इंजिन बंद करून भरावे. वर वाफेसाठी थोडी जागा रिकामी ठेवावी.

मडगावहून गाडी रेल्वेने पाठवायची असेल, तर दोन्ही टाक्या रिकाम्या करून, सुट्या टाकीचे झाकण उघडे ठेवून, वास पूर्ण जाईपर्यंत ती मोकळ्या जागी सुकवावी.