गणिताच्या जाणकार माणसाला शंका विचारायची तर

आपल्याकडे बरीच पोरं पुस्तकाच्या पानाचा फोटो काढतात, सरांना व्हॉट्सअॅपवर टाकतात अन् खाली लिहितात "सर सॉल्व्ह करा, अर्जंट". नमस्कार नाही, स्वतः काय करून पाहिलं ते नाही. वाईट वाटतं भाऊ.

आधी एक संध्याकाळ तरी स्वतः त्याच्याशी झुंजा. मग नाव, वर्ग सांगा अन् जिथं अडलं तेवढंच लिहा, म्हणजे "सर, चौथ्या ओळीपर्यंत आलो, इथं दोन्ही बाजूंना एक्सने भागलंय पण एक्स शून्य असला तर?" असं. सरांना लगेच कळतं तुमची गाडी कुठं अडली. रामानुजनने जानेवारी 1913 मध्ये केंब्रिजच्या गणिती हार्डींना पत्र लिहिलं तेव्हाही मी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून आहे हे सरळ सांगितलं अन् स्वतःचं काम पत्रासोबत जोडलं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, चूक ऐकून घेणं. बारावीत मला वाटलं की कुठल्याही कोनाचे पट्टी-कंपासने तीन सारखे भाग करायची रीत मला सापडली, कोनात कंस काढून त्याच्या जीवेचे, म्हणजे कंसाची दोन टोकं जोडणाऱ्या सरळ रेघेचे, तीन सारखे भाग करायचे अन् ते बिंदू शिरोबिंदूला जोडायचे. वही घेऊन चाळीसगावला एका रिटायर्ड सरांकडे गेलो. ते ओट्यावरच बसले होते, म्हणाले 60 अंशाचा कोन काढ अन् मोज. मधला भाग 22 च्या जवळ आला, बाजूचे 19-19! तरी मी पेन्सिल जाड आहे म्हणून अर्धा तास वाद घातला. शेवटी त्यांनी शांतपणे सांगितलं की 60 अंशाचे पट्टी-कंपासने तीन सारखे भाग होऊच शकत नाहीत, वान्ट्झेल नावाच्या फ्रेंच गणितीने 1837 मध्येच ते सिद्ध केलंय. त्या अर्ध्या तासाची मला अजून लाज वाटते. चूक दाखवली की आधी ती ओळ स्वतः तपासा, मग बोला.

(चाळीसगावजवळच पाटणादेवीला 1207 चा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला त्याचा. एकदा जाऊन या.)

उत्तर आलं नाही तर आठवडाभर थांबा, मग एकदाच आठवण करा. एकच शंका चार जणांना विचारली असेल तर तसं सांगा. अन् समजलं नसताना "हो सर" म्हणून मान डोलवू नका, कुठली ओळ कळली नाही तेवढीच परत विचारा.