लुइझियानाच्या प्लँटेशन घरांची दारे-खिडक्या: या चुका टाळा

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी उभ्या असलेल्या जुन्या प्लँटेशन घरांच्या, म्हणजे मोठ्या मळ्यांच्या मालकांच्या घरांच्या, धर्तीवर घर बांधताना दारे-खिडक्यांकडे बहुधा दर्शनी शोभा म्हणूनच पाहिले जाते. वास्तविक दमट उकाडा आणि मुसळधार पाऊस यांच्याशी जमवून घेणारी ती विचारपूर्वक रचना होती, आणि ती घडवण्यात गुलामगिरीत जखडलेल्या कारागिरांचे कष्ट होते, हे विसरू नये.

सर्वांत खटकणारी चूक म्हणजे भिंतीला कायमची ठोकून बसवलेली दिखाऊ झडपे. प्रत्येक झडप खिडकीच्या निम्म्या रुंदीची आणि बिजागरीवर फिरणारी हवी, म्हणजे दोन्ही मिटल्यावर खिडकी पूर्ण झाकली जाते. मिटलेल्या झडपेच्या झिलमिलीचा, म्हणजे तिरप्या आडव्या पट्ट्यांचा, उतार बाहेरच्या बाजूस असावा, तरच पावसाचे पाणी बाहेर ओघळते. साहजिकच झडप उघडून भिंतीला टेकवली की तोच उतार भिंतीकडे वळतो, आणि ती उलटी बसली आहे असे समजून फिरवून लावण्याचा मोह टाळावा. वादळाच्या पट्ट्यात मात्र त्यासाठी चाचणी झालेलीच झडपे घ्यावीत.

दुसरी चूक शैलींच्या सरमिसळीची. जुन्या क्रिओल, म्हणजे फ्रेंच वसाहतीच्या परंपरेतून आलेल्या, घरांत मधली वाट नसे. प्रत्येक खोली दुहेरी काचेच्या दारांनी थेट व्हरांड्यात उघडे, दारे आत आणि झडपे बाहेर. १८३७ ते १८३९ दरम्यान बांधलेल्या ओक अ‍ॅली या प्लँटेशनसारख्या ग्रीक धाटणीच्या घरांत मात्र मधोमध दालन आणि उंच, वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या येतात. १७८७ मध्ये बांधायला घेतलेल्या डेस्ट्रेहान या प्लँटेशनच्या क्रिओल घरावर पुढे ग्रीक साज चढला खरा, परंतु नव्या घराने एकच परंपरा धरावी, हे उत्तम.

सरकत्या खिडकीचा वरचा भाग पक्का बसवू नये. तो खाली सरकला तरच छताजवळची गरम हवा बाहेर पडते. खिडकीचे चौकोन पाडणाऱ्या, पण दोन काचांच्या मध्ये अडकवलेल्या पट्ट्या सपाट आणि निर्जीव दिसतात, म्हणून त्या काचेच्या बाहेरून असाव्यात. उन्हासाठी गडद काच नको, ०.२५ किंवा त्याहून कमी सौर उष्णता गुणांकाची (उन्हाच्या उष्णतेचा किती भाग आत येतो ते सांगणारा आकडा), पारदर्शक दिसणारी काच मिळते.

सायप्रस वृक्षाच्या लाकडाच्या जुन्या चौकटी सरसकट काढून टाकणे हे मोठे नुकसान आहे, कारण त्या जुन्या झाडांचे लाकूड सहसा कुजत नाही. सडलेला तुकडाच बदलावा. १९७८ पूर्वीचा रंग असल्यास खरवडण्याआधी त्यातील शिशाची तपासणी करून घ्यावी.