विज्ञानलेखनात अतज्ज्ञाच्या कल्पनाशक्तीचा उपयोग कसा करावा

विज्ञानाचा विषय सर्वांसाठी लिहिताना मसुदा तज्ज्ञाकडून तपासून घेण्याची रीत योग्यच आहे. मात्र एक ओळही लिहिण्यापूर्वी त्या विषयाचे शिक्षण न घेतलेल्या दोन-तीन व्यक्तींना गाठावे आणि ‘तुम्हाला काय माहीत आहे?’ असे न विचारता ‘तुमच्या डोळ्यांसमोर काय येते?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने माणूस परीक्षेला बसल्यासारखा अवघडतो. उत्तर त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावे आणि तिथल्या तिथे काहीही दुरुस्त करू नये. जाणकारांना नेमके हेच जड जाते.

अंतराळवीर का तरंगतात, याचे कारण अनेकजण ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसते’ असे सांगतात. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. हा आकडा लगेच पुढे केला, तर समोरचा गप्प होतो, पण त्याच्या मनातले चित्र तसेच राहते. त्याऐवजी त्या चित्रालाच प्रश्न विचारावा: गुरुत्वाकर्षण नसेल, तर स्थानक सरळ दूर निघून का जात नाही? इथे तो स्वतःच अडखळतो, आणि मग न्यूटन यांनी कल्पिलेली उंच डोंगरावरची तोफ उपयोगी पडते. पुरेशा वेगाने सुटलेला गोळा सतत पडतच असतो, पण पृथ्वीचा पृष्ठभागही त्याच्याखाली तितकाच वळत जातो. स्थानक आणि अंतराळवीर ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने असेच एकत्र पडत असतात, म्हणून ते तरंगताना दिसतात. लेखाचा क्रमही हाच ठेवावा.

अशी चित्रे केवळ नवख्यांसाठी असतात, असे मानू नये. गणिताचे फारसे शिक्षण नसलेले शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी बलरेषांची, म्हणजे चुंबकासारख्या वस्तूभोवतीचे बल दाखवणाऱ्या रेषांची, कल्पना मांडली आणि पुढे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी तिला गणिती रूप दिले. अर्थात फॅरडे कसलेले प्रयोगकर्ते होते, त्यामुळे हा दाखला फार ताणू नये.

अतज्ज्ञाचे चित्र लेखात घेतल्यास त्याची मर्यादा त्याच परिच्छेदात सांगावी. अणू सूर्यमालेसारखा म्हटला, तर इलेक्ट्रॉन ग्रहांप्रमाणे ठरावीक वाटेने फिरत नाहीत, हेही तिथेच लिहावे. मसुदा झाल्यावर त्याच व्यक्तींना वाचायला द्यावा, पण ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण संकोचाने होकारच मिळतो. कागद बाजूला ठेवून विषय पुन्हा सांगायला लावावा आणि सांगणारा जिथे थांबेल, तेवढाच भाग नव्याने लिहावा.